आमदारांचा दौरा झाला, नारळ फुटला. आता कामाचा कागद कुठे बघायचा?

कोनशिला
अधिवेशन संपलं की आमदारांचे मतदारसंघात दौरे सुरू होतात. एका दिवसात आठ-दहा गावं, प्रत्येक गावात फेटा, हार, कुदळ, नारळ. संध्याकाळी तालुक्याच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर 'एवढ्या कोटींच्या विकासकामांचा शुभारंभ' अशी बातमी येते. बातमीत 'मंजूर', 'प्रस्तावित', 'पाठपुराव्याला यश' हे शब्द एकाच अर्थाने फिरतात.
या धाग्यात पक्ष नको, नावं नकोत, कोण चांगलं-कोण वाईट तेही नको. प्रश्न एवढाच: बातमीतलं एखादं काम खरंच होणार आहे का, हे कोणत्या कागदावरून ओळखायचं? आणि नारळ फुटूनही काम अडतं ते नेमकं कुठे? जाणकारांनी लिहावं.

मोजमाप
आधी एकच विचारायचं: पैसा कोणत्या लेखाशीर्षाचा, म्हणजे सरकारी हिशेबातल्या कोणत्या खात्याचा? ते कळलं की निम्मा धागा इथेच संपतो.
आमदार स्थानिक विकास कार्यक्रम, म्हणजे ज्याला सगळे 'आमदार निधी' म्हणतात, तो आमदाराला दरवर्षी 5 कोटी. आधी 2 कोटी होता. 2020 च्या अर्थसंकल्पी अधिवेशनात 3, पुढच्या वर्षी 4 आणि मार्च 2022 मध्ये 5 कोटी झाला. विधानसभेचे 288 आणि परिषदेचे 78 धरले तर राज्याला वर्षाला 1,830 कोटींचा हिशेब. ऐकायला मोठा वाटतो. पण ग्रामीण मतदारसंघात दीडशे गावं धरा: गावाला वर्षाला सव्वातीन लाख. त्यात शंभर मीटर सिमेंट रस्ता मारूनमुटकून बसतो. म्हणून बातमीत 'पंचवीस कोटी' दिसले की तो आमदार निधी नाही, हे लगेच समजावं.
मग ते येतात कुठून? ग्रामविकास विभागाचं 2515, ज्याला गावात 'पंचवीस-पंधरा' म्हणतात (लोकप्रतिनिधींनी सुचवलेली मूलभूत सुविधांची कामं). जिल्हा वार्षिक योजनेतून जनसुविधा, 'क' वर्ग तीर्थक्षेत्र, तांडा वस्ती, रस्त्यांचं 3054 आणि 5054. शिवाय सार्वजनिक बांधकामचा अर्थसंकल्प आणि पुरवणी मागण्या. या सगळ्यांत आमदार शिफारस करतो, पाठपुरावा करतो. पैसा मात्र वेगवेगळ्या विभागांचा, आणि प्रत्येकाची वाट वेगळी.

बुद्रुक
लेखाशीर्षाचं +1. बातम्यांचे शब्दही उलगडून सांगतो.
'पाठपुराव्याला यश' याखाली बहुतेक वेळा एका पत्राचा फोटो असतो. पत्राच्या कोपऱ्यात मंत्र्यांची सही आणि शेरा. तो शेरा वाचा. 'तपासून सादर करावे', 'प्रस्ताव सादर करावा', 'नियमानुसार कार्यवाही करावी' यातला एकही शेरा म्हणजे मंजुरी नव्हे. त्याचा अर्थ फाइल खालच्या टेबलाकडे निघाली. तिथून ती परत वर येईल तेव्हा खरं.
'मंजूर' म्हटलं की शासन निर्णय मागा. शासन निर्णयांच्या संकेतस्थळावर विभाग निवडून तारखेने शोधता येतं. प्रत्येक निर्णयाच्या शेवटी एक लांबलचक संकेतांक असतो, त्याचे पहिले आठ अंक म्हणजे वर्ष, महिना, दिवस. कुणी पाठवलेल्या पीडीएफवर छापलेली तारीख आणि संकेतांकातली तारीख जुळत नसेल तर सावध व्हा. 2515 च्या निर्णयाला विवरणपत्र जोडलेलं असतं: जिल्हा, तालुका, कामाचं नाव, रक्कम लाखांत. आपल्या गावाची ओळ त्यात असली पाहिजे. बातमीत काम आहे आणि विवरणपत्रात ओळ नाही, तर ते काम अजून मनातच आहे.

फक्की
आणि ओळ असली तरी नीट वाचा. बुद्रुक आणि खुर्दची अदलाबदल ही या विवरणपत्रांची जुनी खोड. (@बुद्रुक, तुमच्या नावावरून नाही हं.) काम 'अमुक खुर्द'चं, छापलं 'बुद्रुक'. किंवा 'स्मशानभूमी शेड' हवी होती आणि 'स्मशानभूमी रस्ता' छापला. शाखा अभियंता मनाने दुरुस्ती करू शकत नाही. शुद्धिपत्रक निघावं लागतं, तेही ज्या विभागाने निर्णय काढला त्याच विभागाकडून. ग्रामपंचायतीचा ठराव, आमदाराचं नवीन पत्र, जिल्हा परिषदेचा अभिप्राय, मग मंत्रालय. यात सहा महिने सहज जातात आणि मधे मार्च, म्हणजे आर्थिक वर्षाची अखेर, येतो.

नियमावली
क्रम सांगतो, कारण इथे बऱ्याच जणांचा घोळ होतो.
आमदार निधीत: आमदाराचं शिफारस पत्र जिल्हाधिकारी कार्यालयात, म्हणजे व्यवहारात जिल्हा नियोजन अधिकाऱ्यांकडे. तिथून कार्यान्वयन यंत्रणेकडे (जिल्हा परिषद बांधकाम, सार्वजनिक बांधकाम, नगरपरिषद). यंत्रणा जागा पाहून अंदाजपत्रक करते, त्याला तांत्रिक मान्यता (मापं आणि दर बरोबर असल्याची). मग जिल्हाधिकाऱ्यांची प्रशासकीय मान्यता (कामाला आणि खर्चाला). मग निविदा किंवा कामवाटप, आणि शेवटी कार्यारंभ आदेश, म्हणजे ठेकेदाराला काम सुरू करायचं पत्र.
2515 मध्ये उलटं: शासन निर्णयानेच प्रशासकीय मान्यता मिळते, सविस्तर अंदाजपत्रक आणि तांत्रिक मान्यता नंतर. त्यामुळे तिथे रक्कम आधी ठरते आणि काम त्या रकमेत कापून बसवतात. 'रस्ता 300 मीटर सांगितला होता, 180 मीटरच झाला' ही तक्रार बहुतेक इथूनच येते. लबाडी प्रत्येक वेळी असतेच असं नाही. मागणी करताना कुणी टेप लावलेली नसते.
नारळ फोडायला कायद्याने कुठलाच कागद लागत नाही. यंत्रणेचा अभियंता कार्यक्रमाला हजर आहे का, आणि ठेकेदार ठरलाय का, एवढं पाहिलं तरी अंदाज येतो.

कोनशिला
@नियमावली, रक्कम कापून बसवतात म्हणता. पण मग 10 लाखांच्या कामात प्रत्यक्ष 10 लाखांचं काम का दिसत नाही? लोक सरसकट 'खाल्ले' म्हणतात.

मोजमाप
खाण्याचा भाग वेगळा. कागदावरचं गणित आधी करू.
अंदाजपत्रक सार्वजनिक बांधकामच्या दरसूचीवर होतं. शासकीय कामांवर जीएसटी 18 टक्के (जुलै 2022 पर्यंत 12 होता). 10 लाखांत कर धरलेला असेल तर मूळ काम 8 लाख 47 हजारांचं. त्यातच 1 टक्का बांधकाम कामगार कल्याण उपकर, गौण खनिजाचं स्वामित्वधन (2021 च्या जुलैपासून ब्रासला 600 रुपये), विमा, चाचण्यांचं शुल्क, फलक. बिलातून प्राप्तिकराची आणि जीएसटीची कपात होते, सुरक्षा ठेव अडकून राहते. त्यावर ठेकेदाराने निविदा 15-20 टक्के कमी दराने भरलेली असेल तर उरलं किती ते तुम्हीच मोजा. कमी दराची निविदा म्हणजे सरकारचा फायदा, असं वाटतं. छोट्या कामात ते सिमेंटच्या गोणीतून वसूल होतं.
मुळात छोटी कामं सगळी उघड निविदेने जात नाहीत. 33 टक्के सुशिक्षित बेरोजगार अभियंत्यांना, 33 टक्के मजूर सहकारी संस्थांना, 34 टक्के खुली, असं वाटप आहे. ते काम वाटप समिती करते. नावावर कोण आणि साइटवर कोण हे वेगळं निघालं तर तक्रार त्या समितीकडे करायची, आमदाराकडे नाही.

फक्की
सिमेंट रस्त्याचं मी लिहितो, कारण दौऱ्यातल्या दहा नारळांपैकी सहा त्याचेच असतात.
100 मीटर लांब, 3 मीटर रुंद, 150 मिमी जाड: 45 घनमीटर काँक्रीट. अंदाजपत्रकात काँक्रीटची प्रत एम-20 आहे की एम-30 (आकडा मोठा तेवढी ताकद जास्त) ते आधी बघा. एम-20 नाममात्र प्रमाणात (1:1.5:3) धरलं तर घनमीटरला साधारण 8 गोणी, म्हणजे एकूण 360. गोण्या मोजायला अभियंता लागत नाही, रिकाम्या पोत्यांचा ढीग पुरतो.
जाडी कडेला मोजू नका. कडेला साचा 150 चा असतो आणि मधे मुरूम फुगवून ठेवला की काँक्रीट 100 वर येतं. ओतण्याआधी दोन साच्यांवर दोरी ताणून मधल्या भागात पट्टी उभी धरा. खाली प्लास्टिकचा कागद अंदाजपत्रकात असतो (125 मायक्रॉन). तो नसला तर खालचा कोरडा मुरूम काँक्रीटचं पाणी ओढतो.
सांधे साधारण 4 मीटरवर, पहिल्या 24 तासांच्या आत कटरने कापायचे, खोली 40 ते 50 मिमी. उशीर झाला की स्लॅब स्वतःच सांधा पाडतो, आपल्याला नको तिथे. पाणी किमान 14 दिवस, वाफे करून. नुसता पाइपने शिडकावा म्हणजे पाणी मारणं नव्हे.
ताकद तपासायचे ठोकळे: 150 मिमीचे घन. 45 घनमीटरला आयएस 456 प्रमाणे 4 नमुने, प्रत्येक नमुन्यात 3 ठोकळे. बहुतेक ठिकाणी तीनच ठोकळे आणि तेही वेगळ्या मिश्रणाचे. ओतताना सरपंच किंवा ग्रामपंचायत सदस्याने ठोकळ्यावर ओल्या काँक्रीटमध्ये तारीख कोरली तरी खूप फरक पडतो.
आणि सगळं नीट झालं तरी दोन महिन्यांत नळयोजनेची पाइपलाइन टाकायला तोच रस्ता फोडतात. आधी पाइप, मग गटार, मग रस्ता. नारळ मात्र उलट्या क्रमाने फुटतात कारण रस्ता लगेच दिसतो.

भर_दुपार
काम का अडतं यात एक मोठं कारण कुणी लिहिलं नाही: आचारसंहिता. कार्यारंभ आदेश मिळालाय पण जागेवर काम सुरू नाही, तर ते निवडणूक संपेपर्यंत सुरू करता येत नाही. सुरू असलेलं चालू राहतं, झालेल्या कामाचं बिल निघतं. म्हणून आचारसंहितेच्या आदल्या आठवड्यात एका दिवशी वीस नारळ फुटतात आणि प्रत्येक ठिकाणी जेसीबीचा एक पंजा मारून फोटो काढतात.
2024 चं कॅलेंडर बघा. लोकसभेची आचारसंहिता 16 मार्च ते 6 जून. 26 जूनला मुंबई, कोकण, नाशिककडे पदवीधर-शिक्षक मतदारसंघांची निवडणूक. मग पाऊस. 15 ऑक्टोबरला विधानसभेची आचारसंहिता, 20 नोव्हेंबरला मतदान, 23 ला निकाल. त्या आर्थिक वर्षात नवीन काम सुरू करायला राहिले डिसेंबर ते मार्च. त्या चार महिन्यांत खडी, मजूर, टँकर, अभियंता सगळ्यांची एकदमच ओढाताण. मार्चएंडला रात्री काँक्रीट ओतलेलं दिसतं ते यामुळे.

बुद्रुक
दुसरं कारण सत्ताबदल. जुलै 2022 मध्ये नवीन सरकारने आधीच्या सरकारने मंजूर केलेल्या, पण सुरू न झालेल्या अनेक कामांना स्थगिती दिली. प्रकरणं उच्च न्यायालयात गेली. त्यामुळे जुन्या कोनशिलेवर 2021-22 ची तारीख आणि समोर मोकळं माळरान असेल तर पहिली शंका स्थगितीची घ्यावी. स्थगिती उठली का, याचाही शासन निर्णय किंवा पत्र असतं.
तिसरं: दायित्व. मागच्या वर्षांची अपुरी कामं आधी, मग नवीन. नियतव्यय, म्हणजे वर्षासाठी ठरलेली रक्कम, 10 कोटी आणि दायित्व 7 कोटी असेल तर नव्यासाठी खरे 3. जिल्हा परिषदेत उरलेल्याच्या दीडपट नियोजन करायची पद्धत आहे, म्हणजे साडेचार कोटींची कामं मंजूर होतात आणि वरचे दीड कोटी पुढच्या वर्षाचं दायित्व होतात. ठेकेदार मग 'बिल निघत नाही' म्हणून काम अर्धवट सोडतो. 2025 मध्ये ठेकेदार संघटना थकीत बिलांसाठी राज्यभर आंदोलनाला उतरल्या होत्या, ते आठवत असेल.

सातबारा
खासदार निधीचं काय? दौऱ्यात खासदारही असतात आणि फलकावर दोघांचे फोटो.

नियमावली
तो केंद्राचा, सांख्यिकी आणि कार्यक्रम अंमलबजावणी मंत्रालयाकडे. 23 डिसेंबर 1993 ला जाहीर झाला, पहिल्या वर्षी खासदाराला 5 लाख होते. 2011-12 पासून 5 कोटी. एप्रिल 2020 मध्ये करोनामुळे थांबवला, नोव्हेंबर 2021 मध्ये पुन्हा सुरू केला. लोकसभेचा खासदार आपल्या मतदारसंघात, राज्यसभेचा खासदार निवडून आलेल्या राज्यात कुठेही. म्हणून राज्यसभा सदस्याचा दौरा जिल्ह्याबाहेरही असतो. आपल्याकडे लोकसभेचे 48 आणि राज्यसभेचे 19. दरवर्षी किमान 15 टक्के अनुसूचित जातींच्या आणि 7.5 टक्के अनुसूचित जमातींच्या वस्तीत सुचवायचे असतात.
2023 च्या 1 एप्रिलपासून नियम बदलले. आधी पैसे जिल्ह्याच्या खात्यात हप्त्यांनी येऊन व्याज खात बसायचे. आता शिफारस, मंजुरी, बिल सगळं ई-साक्षी प्रणालीवर आणि पैसे काम होईल तसे थेट पुरवठादाराला. शिफारस आल्यावर 45 दिवसांत मंजुरी किंवा कारणासह नकार द्यायचा असतो. धार्मिक स्थळ आणि खासगी जागा चालत नाही.
योजनेच्या वैधतेवर सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने 6 मे 2010 ला शिक्कामोर्तब केलं. आमदार निधीशी घोळ करू नका, दोन्हींचे फलक वेगळे हवेत.

सातबारा
धार्मिक स्थळ चालत नाही तर मंदिरासमोर एवढे सभामंडप कसे?

मोजमाप
जागेचा उतारा बघा. देवस्थानची जागा असेल तर अडतं. गावठाणातली, ग्रामपंचायतीच्या नमुना 8 ला लागलेली असेल तर कागदावर ते 'सामाजिक सभागृह' असतं. म्हणूनच अंदाजपत्रकात 'मंदिर' शब्द सापडत नाही. हाच उतारा नसल्याने बरेच सभामंडप लटकतात, बांधकामाने नाही.
रस्त्याला याच्या जोडीचा कागद म्हणजे रस्त्याचा क्रमांक. ग्रामीण मार्ग आणि इजिमा (इतर जिल्हा मार्ग) जिल्हा परिषदेचे, प्रजिमा (प्रमुख जिल्हा मार्ग) आणि राज्य मार्ग सार्वजनिक बांधकामचे. वस्तीकडे जाणारा पाणंद रस्ता बहुतेक वेळा योजनाबाह्य, त्याला क्रमांकच नाही. त्यावर 3054 चा पैसा मागितला तर फाइल परत येते. आधी दर्जोन्नती, म्हणजे रस्त्याला वर्ग आणि क्रमांक, मग निधी. शिवाय तेच काम दुसऱ्या योजनेतून झालेलं नाही, असा दाखला लागतो. 'एकाच रस्त्याचे दोनदा पैसे' हा प्रकार तिथे पकडला जातो किंवा तिथेच जिरतो.

भर_दुपार
अवांतर पण जवळचं: सगळे दौरे नारळाचे नसतात. पंचायत राज समिती, 'पीआरसी', जिल्हा परिषदेत येते तेव्हा काय होतं ते एकदा पाहावं. दोन्ही सभागृहांचे सदस्य, साधारण तीन दिवस. पहिल्या दिवशी बैठक, मधे गट करून तालुक्यात शाळा, दवाखाने, ग्रामपंचायती, शेवटी मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांची साक्ष. आधार असतो लेखापरीक्षणाच्या आक्षेपांचा आणि प्रशासन अहवालाचा. आक्षेप चार-पाच वर्षं जुने असतात, तेव्हाचा अधिकारी बदलून गेलेला. तरी महिनाभर आधीपासून जिल्हा परिषदेत रात्री दिवे चालू असतात आणि रखडलेल्या वसुल्या अचानक होतात. आमदाराच्या कामाचा हा भाग बातमीत दोन ओळींत संपतो, पण गावच्या शाळेला याचा उपयोग पेव्हर ब्लॉकपेक्षा जास्त होतो, असं माझं मत.
सभागृहातल्या कामाचंही तसंच. 'लक्षवेधी (एखाद्या प्रश्नाकडे मंत्र्याचं लक्ष वेधणारी सूचना) मांडली' आणि 'लक्षवेधीची सूचना दिली' यात फरक आहे. सूचना ढिगाने जातात, थोड्याच कामकाजात लागतात. मंत्र्याने सभागृहात 'करू' म्हटलं असेल तर ते आश्वासन समितीच्या यादीत जातं. तारखेसह ती ओळ जपून ठेवा.

कोनशिला
छान. आता शेवटचं: हे कागद सामान्य माणसाने मागायचे कसे?

नियमावली
माहिती अधिकार, जोडपत्र 'अ', 10 रुपयांचा कोर्ट फी स्टँप. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि 150 शब्दांची मर्यादा, म्हणून 'पाच वर्षांतली सर्व कामं' असं मागू नका. एक काम, नावासकट. शिफारस पत्र आणि प्रशासकीय मान्यता नियोजन अधिकाऱ्यांकडे मिळते. तांत्रिक मान्यता, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिका (एम.बी.), देयक आणि चाचणी अहवाल यंत्रणेच्या उपविभागाकडे. चुकीच्या कार्यालयात गेला तर त्यांनी 5 दिवसांत पुढे पाठवायचा असतो. 30 दिवसांत उत्तर नाही तर जोडपत्र 'ब', 20 रुपये, प्रथम अपील.
झेरॉक्सपेक्षा अभिलेख पाहणी मागा, पहिला तास फुकट. एम.बी. हातात घेऊन पाहिली की कुठल्या पानावर शाई वेगळी आहे ते दिसतं. कायद्यात कामाची पाहणी आणि साहित्याचा प्रमाणित नमुनाही मागता येतो, हे फार कमी लोक वापरतात.

सातबारा
हायमास्टचं, म्हणजे चौकातल्या उंच खांबावरच्या दिव्यांचं, कुणी सांगा. लावला, उद्घाटन झालं, दोन महिन्यांत बंद.

फक्की
दिवा गेला नसेल, मीटर गेला असेल. निधीत खांब आणि दिवे बसतात, वीजबिल नाही. जोडणी ग्रामपंचायतीच्या नावावर आणि बिल ग्रामपंचायतीने भरायचं, असं हमीपत्र सुरुवातीला दिलेलं असतं. ते काढून वाचा. रुग्णवाहिकेचंही तेच: गाडी निधीतून, चालक आणि डिझेल कुणाचं ते आधी ठरलं नाही तर ती आरोग्य केंद्राच्या मागे ताडपत्रीखाली सापडते.

कोनशिला
आणि कोनशिलेवरची तारीख व कार्यारंभ आदेशाची तारीख वेगळी असेल तर कुठली धरायची?

मोजमाप
कामाची मुदत कार्यारंभ आदेशापासून. दोष दायित्वाची मुदत काम पूर्ण झाल्याच्या दाखल्यापासून, ती संपेपर्यंत दुरुस्ती ठेकेदाराच्या खर्चाने, म्हणून तो दाखला आधी मिळवा. कोनशिलेवरची तारीख कुठल्याच फाइलमध्ये नसते.